विद्वानांचा यजमान : वोर्म्सचा बिशप योहान फॉन डालबेर्ग

ग्रंथकारांचीं चरित्रें लिहिण्याचा प्रघात सर्व देशांत आहे. परंतु ज्यांच्या ओसरीवर बसून ग्रंथकारांनीं ग्रंथ लिहिले, ज्यांच्या कपाटांतील पुस्तकें त्यांनीं चाळलीं आणि ज्यांच्या कोठारांतील धान्य त्यांनीं खाल्लें, त्यांचीं चरित्रें क्वचितच लिहिलीं जातात. याचें कारण उघड आहे. ग्रंथकार मागें ग्रंथ ठेवितो. त्याला पोसणाऱ्याच्या मागें राहते ती दुसऱ्यांच्या ग्रंथांच्या आरंभीं छापलेली अर्पणपत्रिका. आणि अर्पणपत्रिकेची भाषा ही बहुधा स्तुतीची भाषा असल्यामुळें शहाणा इतिहासकार तिजवर फारसा विसंबत नाहीं. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत जर्मनींत होऊन गेलेला वोर्म्सचा बिशप योहान फॉन डालबेर्ग हा अशाच पुरुषांपैकीं एक होय. त्याच्या नांवावर आज वाचावा असा एकही मोठा ग्रंथ नाहीं. तरी इटलींत उदयास आलेली नवी विद्या आल्प्स पर्वत ओलांडून जर्मनींत कशी रुजली हें सांगावयाचें तर या बिशपाच्या घराचा उंबरठा ओलांडल्यावांचून गत्यंतर नाहीं. हा मनुष्य कोण होता, त्यानें केलें काय, आणि ज्या पैशावर त्यानें तें केलें तो पैसा आला कोठून, एवढ्याच गोष्टींचा विचार आम्ही येथें करणार आहों.

डालबेर्ग हें ऱ्हाइन नदीच्या कांठचें जुनें सरदार घराणें. वोर्म्सच्या बिशपांच्या दरबारीं खजिन्यावरील अधिकाराचें वतन त्यांच्याकडे वंशपरंपरेनें चालत आलें होतें, आणि आपला एक पूर्वज येशू ख्रिस्ताच्या आप्तांपैकीं असून रोमन सैन्याबरोबर वोर्म्सला आला, अशी कुळकथा ते सांगत. आपल्याकडील कुळकथा ज्यांनीं वाचल्या आहेत त्यांस असल्या वंशवृक्षांचें नवल वाटणार नाहीं. बादशहाचा राज्याभिषेक झाल्यावर भालदारानें ‘येथें डालबेर्गांपैकीं कोणी आहे कीं नाहीं’ असें पुकारावें आणि नाइटपदाचा पहिला मान त्या घराण्यास मिळावा, अशीहि रूढि पुढें होती. अशा घरांत १४५५ सालच्या ऑगस्ट महिन्यांत ओपेनहाइम गांवीं योहानचा जन्म झाला. बाप वोल्फगांग हा पॅलेटिनेट संस्थानच्या इलेक्टराच्या दरबारीं अधिकारावर होता. इलेक्टर म्हणजे जर्मन बादशहाच्या निवडणुकींत ज्यांस मत असे त्या सात संस्थानिकांपैकीं एक. आणि पॅलेटिनेटच्या इलेक्टराची राजधानी नेकार नदीवरील हायडेलबर्ग ही होती. ओपेनहाइम, वोर्म्स, हायडेलबर्ग हीं सर्व गांवें एकमेकांपासून दिवसाभराच्या वाटेवर. डालबेर्गच्या आयुष्यांतील जवळजवळ सर्व महत्त्वाच्या गोष्टी या लहानशा टापूंत घडल्या. फक्त त्याचें शिक्षण तेवढें दूर झालें.

वयाच्या अकराव्या वर्षीं, म्हणजे १४६६ सालीं, त्याला एर्फुर्टच्या विद्यापीठांत घातलें. एवढ्या लहान वयांत विद्यापीठांत जाणें त्या काळीं विशेष समजत नसत. १४७० सालीं पहिली पदवी घेऊन तो पुढें कायदा शिकण्यासाठीं इटलींत गेला. जर्मन सरदारांचीं मुलें इटलींत जात तीं बहुधा रोमन कायद्याची पदवी घेण्यासाठीं. कारण ती असली म्हणजे दरबारीं व देवळांत मोठीं पदें मिळण्याचा मार्ग मोकळा होई. परंतु इटलींतील विद्यापीठांत कायद्याच्या वर्गाबाहेर त्या वेळीं एक निराळेंच वारें वाहत होतें. सिसेरोच्या वळणाचें लॅटिन लिहावें, जुनीं हस्तलिखितें शोधून त्यांचे पाठ शुद्ध करावे, ग्रीक शिकावें, आणि शेंकडों वर्षें पाठशाळांत घोटल्या जाणाऱ्या तर्काच्या कसरतीपेक्षां इतिहास, काव्य व वक्तृत्व यांस अधिक मान द्यावा, असें म्हणणारे हे पंडित. त्यांना ह्यूमॅनिस्ट असें नांव आहे. कायद्यासाठीं गेलेला डालबेर्ग या मंडळींत रमला. पाव्हिया येथील कायद्याच्या विद्यार्थ्यांनीं १४७४ सालीं त्याला आपला रेक्टर निवडलें. इटलींतील कांहीं विद्यापीठांत रेक्टर हा विद्यार्थ्यांतूनच निवडला जाई, आणि त्याच्या पदग्रहणाच्या वेळीं कोणा चांगल्या वक्त्याकडून गौरवाचें भाषण करविण्याची चाल होती. डालबेर्गच्या वेळीं हें भाषण ज्यानें केलें त्याचें नांव रुडोल्फ अग्रिकोला. एकोणीस वर्षांचा श्रीमंत जर्मन तरुण आणि तिशीचा, ग्रोनिंगेनजवळच्या खेड्यांतून आलेला, एका धर्मगुरूचा मुलगा. या दोघांची गांठ तेथें पडली ती अग्रिकोलाच्या मरणापर्यंत सुटली नाहीं. वुर्टेम्बर्गकडील डीट्रिख फॉन प्लीनिंगेन हा या मैत्रींतील तिसरा.

इटलीहून परत आल्यावर डालबेर्गचा उत्कर्ष झपाट्यानें झाला. १४८० सालीं वोर्म्सच्या मुख्य देवळाचें प्रोव्होस्टपद त्यास मिळालें. या पदाला जोडूनच हायडेलबर्ग विद्यापीठाचें चॅन्सेलरपद असे, तें १४८१ सालीं त्याच्याकडे आलें. १४८२ च्या ऑगस्टांत तो वोर्म्सचा बिशप निवडला गेला; आणि त्याच सुमारास इलेक्टर फिलिप यानें त्याला आपला दिवाण केलें. बिशप होण्यास तीस वर्षांचें वय पूर्ण असावें असा चर्चचा नियम ११७९ सालापासून होता. डालबेर्गला तेव्हां सत्ताविसावें वर्ष संपावयाचें होतें. हा नियम मोठ्या घराण्यांतील उमेदवारांच्या आड सहसा येत नसे, आणि इलेक्टराची मर्जी असतां तर मुळींच येत नसे.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या १४८० सालीं डालबेर्ग प्रोव्होस्ट झाला त्याच सालीं हायडेलबर्गांत याकोब विंफेलिंग यानें ‘स्टिल्फो’ नांवाचें एक लहानसें लॅटिन नाटक विद्यार्थ्यांपुढें म्हणून दाखविलें. रोमला जाऊन चार धर्मवतनांच्या सनदा पदरांत पाडून घेतलेला एक अडाणी मनुष्य घरीं येतो, परीक्षेंत लॅटिनचा ओ कीं ठो त्यास येत नाहीं असें ठरतें, आणि शेवटीं तो डुकरें राखतो. त्याचा गरीब पण अभ्यासू सोबती मात्र बिशप होतो. जगांत वास्तविक काय घडत होतें हें श्रोत्यांस ठाऊक होतेंच. बिशपपद मिळे तें जन्मानें व वशिल्यानें. डालबेर्गलाहि तें तसेंच मिळालें. त्याच्यापुरता योगायोग एवढाच कीं, ज्याच्याकडे जन्म व वशिला दोन्ही होतीं त्याला लॅटिनहि उत्तम येत होतें.

आतां त्यानें काय केलें तें पाहूं. हायडेलबर्गच्या विद्यापीठाचा तो चॅन्सेलर असला तरी तेथील अध्यापकांवर त्याची सत्ता फारशी चालत नसे. विद्याशाखांचे आपापले नियम होते, पगार नेमलेले होते, कोणतें पुस्तक कोणत्या सालीं शिकवावयाचें हें ठरलेलें होतें. ग्रीक शिकवूं म्हणणाऱ्यास त्या व्यवस्थेंत जागा नव्हती. पुढें १४९८ सालीं खुद्द इलेक्टरानें ग्रीकचा अध्यापक नेमला तेव्हांहि शाखेनें त्याला आंत घेण्यास विरोध केला. डालबेर्गनें हा किल्ला समोरून घेण्याचा हट्ट धरला नाहीं. विद्यापीठाच्या बाहेर, आपल्या घरांत, त्यानें दुसरी शाळा मांडली. तिला नांव नव्हतें, नियम नव्हते आणि पदव्याहि नव्हत्या.

तिचा पहिला गुरु अग्रिकोला. तो ग्रोनिंगेन शहराचा चिटणीस होऊन बसला होता, आणि नगरसभेच्या पत्रव्यवहारांत त्याचे दिवस जात होते. डालबेर्ग व प्लीनिंगेन यांनीं त्याला हायडेलबर्गास येण्याचा आग्रह चालविला. अग्रिकोलाला स्वातंत्र्य फार प्रिय. कोणाच्या पदरीं राहावयाचें या कल्पनेनेंच तो बिचकत असे. अँटवर्पहूनहि त्याला शाळेच्या जागेचें बोलावणें होतें. अखेर १४८४ सालीं तो हायडेलबर्गास आला, तो नोकर म्हणून नव्हे तर घरचा माणूस म्हणून. विद्यापीठांत त्यास नेमलेलें आसन नव्हतें. इच्छा होईल तेव्हां त्यानें शिकवावें, वादसभांत बसावें, नाहीं तर स्वस्थ वाचीत राहावें. त्याच वर्षीं जूनमध्यें अँटवर्पच्या मित्रास त्यानें अभ्यास कसा करावा याविषयीं एक लांब पत्र लिहिलें. तें पुढें स्वतंत्र पुस्तक म्हणून कितीदां तरी छापलें गेलें, आणि पुढच्या शतकांतील शाळामास्तरांच्या हातीं तें असे.

चाळिशीच्या घरांत आलेल्या अग्रिकोलानें येथें हिब्रू शिकावयास आरंभ केला. मूळ भाषेंतून बायबल वाचावें हा त्याचा हेतु. ख्रिस्ती झालेला एक यहुदी डालबेर्गनें त्याच्यासाठीं आपल्या घरीं ठेवून घेतला. वोर्म्समध्यें यहुद्यांची वस्ती फार जुनी व विद्वत्तेबद्दल प्रसिद्ध होती. परंतु शिक्षक पाहिजे तो मात्र बाप्तिस्मा घेतलेला, ही त्या काळाची मर्यादा होय. यजमानाला स्वतःला या अभ्यासाचा लौकिक फायदा कांहीं नव्हता. एका मित्राच्या जिज्ञासेसाठीं बिशपानें तिसऱ्या मनुष्याचा योगक्षेम चालवावा, यांत आम्हांस डालबेर्गचा खरा स्वभाव दिसतो.

परंतु आश्रयाची किंमत अग्रिकोलालाहि द्यावी लागलीच. बिशपानें वोर्म्सच्या धर्मगुरूंपुढें करावयाचें भाषण त्यानें लिहून दिलें. १४८५ सालीं नवा पोप आठवा इनोसंट याचें अभिनंदन करण्यासाठीं इलेक्टरानें डालबेर्गला रोमला पाठविलें. अग्रिकोलाला बरोबर जावें लागलें, आणि ६ जुलै रोजीं पोपपुढें डालबेर्गनें जें भाषण केलें तें लिहिणारा अग्रिकोलाच होता. परतीच्या वाटेवर आल्प्सच्या पायथ्याशीं ट्रेंट येथें त्याला ताप आला. मंडळी पुढें निघून गेली. तो मागून कसाबसा हायडेलबर्गास पोंचला आणि २७ ऑक्टोबर १४८५ रोजीं वारला. इटलीच्या उन्हाळ्यांतील तो प्रवास घडला नसता तर तो आणखी किती जगला असता हें सांगणें व्यर्थ आहे. पण तो प्रवास त्यानें स्वतःच्या कामासाठीं केलेला नव्हता एवढें खरें. त्याच्या इच्छेप्रमाणें फ्रान्सिस्कन संन्याशाच्या झग्यांत त्याला पुरण्यांत आलें, आणि थडग्यासाठीं ओळी लिहून पाठविल्या त्या व्हेनिसच्या एर्मोलाओ बार्बारोनें. त्याचा तर्क व वक्तृत्व यांवरील मुख्य ग्रंथ हस्तलिखितांतच पडून राहिला, तो १५१५ सालीं लूव्हेन येथें प्रथम छापला गेला.

डालबेर्गचें आवडतें राहण्याचें ठिकाण म्हणजे लाडेनबुर्ग. हायडेलबर्गच्या खालच्या बाजूस नेकारच्याच कांठीं वसलेलें हें गांव रोमन लोकांच्या वेळचें. तेथें बिशपांचा वाडा होता, आणि या वाड्यांत त्यानें आपला ग्रंथसंग्रह जमविला. लॅटिन, ग्रीक व हिब्रू या तिन्ही भाषांतील पुस्तकें एका ठिकाणीं असलेलें असें ग्रंथालय त्या काळीं जर्मनींत विरळा. आणि तें कुलुपांत नसे. मित्रांस तेथें मुक्काम करतां येई, पुस्तकें उतरून घेतां येत, उसनीहि मिळत.

यांतील सर्वच पुस्तकें विकत घेतलेलीं नव्हतीं. तेथून जवळच लोर्श येथें ७६४ सालीं स्थापन झालेला एक मठ होता. शार्लमेनच्या काळीं तेथील ग्रंथसंग्रह युरोपांतील उत्तम संग्रहांत मोडत असे. पण पंधराव्या शतकांत मठाचें वैभव ओसरलें होतें, आणि तो प्रदेश गहाण पडून पॅलेटिनेटच्या हातीं आला होता. इलेक्टराच्या दिवाणास तेथें मज्जाव कोण करणार? लोर्शमधील कांहीं जुनीं हस्तलिखितें डालबेर्गनें उचलून लाडेनबुर्गास आणलीं. सोळाव्या शतकांतील भूगोलकार सेबास्टियन म्युन्स्टर यानेंहि या गोष्टीचा उल्लेख केला आहे. याला काय म्हणावें? मठांतील साधूंस तीं पुस्तकें वाचतां येत नव्हतीं आणि उंदरांस खातां येत होतीं, असें ह्यूमॅनिस्ट मंडळी म्हणत; आणि इटलींतील त्यांच्या गुरूंनीं मठोमठीं हेंच केलें होतें. तथापि न वाचणाऱ्याची वस्तु वाचणाऱ्यानें न्यावी हा न्याय सोयीचा असला तरी निर्दोष नव्हे. शिवाय आमचा खरा आक्षेप निराळा आहे. मठ आळशी असला तरी संस्था होता. त्यानें तीं पुस्तकें सातशें वर्षें टिकविलीं होतीं. बिशप उद्योगी असला तरी तो एक माणूस होता.

अग्रिकोलाच्या मागें त्याचा एक विद्यार्थी राहिला होता : कोनराड सेल्टिस. हा द्राक्षमळेवाल्याचा मुलगा. अग्रिकोलाच्या हाताखालीं वर्षभर शिकला, पुढें १४८७ सालीं न्यूरेंबर्ग येथें बादशहाच्या हातून कविमुकुट घालून घेणारा पहिला जर्मन झाला, आणि मग जन्मभर गांवोगांव भटकत विद्वानांचीं मंडळें काढीत राहिला. १४९५-९६ च्या हिवाळ्यांत हायडेलबर्गास त्यानें ऱ्हाइन प्रांताचें साहित्यमंडळ स्थापिलें, आणि त्याचें अध्यक्षपद अर्थातच डालबेर्गकडे गेलें. ‘मंडळ’ म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांपुढें घटना, वर्गणी व वार्षिक सभा येतील; तसलें येथें कांहीं नव्हतें. योहानेस व्हिगिलिउस नांवाच्या विद्यापीठांतील अध्यापकाच्या घरीं जेवणें होत, वारुणीचे पेले फिरत, लॅटिन श्लोकांच्या भेंड्या लागत, आणि कोणास नवें हस्तलिखित सांपडलें त्याची वार्ता निघे. स्पोनहाइमचा मठपति ट्रिथेमिउस या मंडळींत असे. त्याच्या मठांतहि ग्रंथांचा मोठा सांठा होता. आणि छापखान्यांच्या त्या दिवसांत हातानें ग्रंथ उतरण्याची महती गाणारें पुस्तक लिहून तें त्यानें छापून काढलें, ही गंमतीची गोष्ट आहे. १४९४ सालीं त्यानें ख्रिस्ती ग्रंथकारांची जी मोठी सूचि प्रसिद्ध केली ती डालबेर्गला अर्पण केलेली आहे. दहाव्या शतकांतील ह्रोट्स्विथा नांवाच्या साध्वीचीं लॅटिन नाटकें सेल्टिसला रेगेन्सबुर्गच्या मठांत सांपडलीं व तीं १५०१ सालीं त्यानें छापलीं. त्या पुस्तकाच्या आरंभीं या मंडळाच्या सभासदांचे श्लोक आहेत, त्यांत बिशपाचेहि आहेत. पांच शतकें विस्मृतींत पडलेली एक जर्मन स्त्री नाटककार या रीतीनें पुन्हा लोकांपुढें आली.

नाटकाचा विषय निघाला आहे तर योहानेस रॉइखलिनकडे वळणें सोपें होईल. हा वुर्टेम्बर्गच्या दरबारांतील कायदेपंडित. ग्रीक तर त्यास येतच होतें, पण बादशहाच्या यहुदी वैद्यापाशीं बसून तो हिब्रूहि शिकला होता. हिब्रू अक्षरांच्या गूढ सामर्थ्यावर त्यानें लिहिलेला संवाद १४९४ सालीं डालबेर्गला अर्पण करून छापला गेला. १४९६ च्या फेब्रुवारींत त्याचा धनी वारला. नव्या राजानें गादीवर येतांच कोनराड होल्टसिंगर नांवाच्या एका संन्याशास हाताशीं धरलें. पूर्वी या गृहस्थास तुरुंगांत टाकण्यांत आलें होतें आणि त्याबद्दलचा डूख तो रॉइखलिनवर धरून होता. रॉइखलिन स्टुटगार्टहून निसटला तो सरळ हायडेलबर्गास, डालबेर्गच्या दारीं. बिशपानें त्यास ठेवून घेतलें आणि आपल्या ग्रंथालयाची देखरेख त्याजकडे सोंपविली. पळून आलेल्या पंडितास पुस्तकांच्या कपाटांची किल्ली देणें याहून अधिक समजूतदार आदरातिथ्य आमच्या पाहण्यांत नाहीं.

रॉइखलिननें येथें दोन लॅटिन नाटकें लिहिलीं. पहिल्याचें नांव ‘सर्गिउस’. एका भोंदू साधूच्या कवटीची थोर संताचा अवशेष म्हणून चाललेली पूजा त्यांत दाखविली होती, आणि रोंख होल्टसिंगरवर होता. प्रयोगाची तयारी होत आली तेव्हां डालबेर्गनें सल्ला दिला कीं, हें रंगभूमीवर आणूं नये. संन्याशांचीं मनें दरबारांत दुखावतील हें त्याच्यांतील दिवाणास दिसत होतें. रॉइखलिननें तें बाजूस ठेवून दुसरें लिहिलें तें ‘हेन्नो’. शेतकरी हेन्नो आपल्या बायकोनें लपवून ठेवलेल्या आठ मोहरा चोरतो व कापड आणण्यास चाकर ड्रोमो याजपाशीं देतो; ड्रोमो मोहरा खिशांत टाकतो, कापड धन्याच्या नांवें उधार आणतो आणि तेंहि विकून खातो. प्रकरण कोर्टांत जातें. वकील शिकवितो कीं, न्यायाधीशानें कांहींहि विचारलें तरी ‘ब्ले’ एवढेंच म्हण. वेडा ठरून ड्रोमो सुटतो. वकील फी मागावयास येतो, तेव्हां त्यालाहि उत्तर मिळतें ‘ब्ले’. शेवटीं त्याच पैशाचा हुंडा होऊन धन्याच्या मुलीशीं ड्रोमोचें लग्न लागतें. ही युक्ति एका जुन्या फ्रेंच प्रहसनांतली. पण पांच अंक, अंकाअंकांमध्यें गाणीं आणि टेरेन्सच्या धर्तीचें लॅटिन असा थाट जर्मनींत नवा होता. ३१ जानेवारी १४९७ रोजीं हायडेलबर्गांत डालबेर्गच्या घरीं विद्यार्थ्यांनीं हें नाटक केलें. बिशप खूष झाला व त्यानें नटांस सोन्याच्या आंगठ्या व नाणीं वांटलीं. पुढच्या वर्षीं बाझल येथें तें छापलें गेलें आणि नंतर हान्स साक्स या चांभार कवीनें १५३१ सालीं तें जर्मन भाषेंत आणलें. याच घराण्यांतील दुसऱ्या एका डालबेर्गनें १७८२ सालीं हायडेलबर्गपासून कोसांवर असलेल्या मानहाइमच्या नाट्यगृहांत शिलरच्या ‘लुटारू’ नाटकाचा पहिला प्रयोग करविला, हें जातां जातां सांगण्यास हरकत नाहीं.

कायद्याच्या डावपेंचांची थट्टा करणारें नाटक पाहून हंसणारा हा यजमान त्या वेळीं स्वतः एका लांबलेल्या तंट्यांत पक्षकार होता. तो तंटा म्हणजे वोर्म्स शहर. आपण बादशहाखेरीज कोणाचे अंकित नाहीं असें तेथील नागरिकांचें म्हणणें. शहरावर आपले प्राचीन हक्क आहेत असें बिशपाचें. नगरसभेच्या निवडींत बिशपाचा हात किती, पदावर येणाऱ्या बिशपापुढें नागरिकांनीं कोणत्या शब्दांत शपथ घ्यावी, अशा प्रश्नांवर पिढ्यान् पिढ्या भांडणें चाललेलीं होतीं. शिवाय धर्मगुरु करांतून मुक्त असून आपल्या मळ्यांतील वारुणी स्वस्तांत विकत, आणि कर भरणाऱ्या व्यापाऱ्याच्या पोटावर पाय येई. डालबेर्ग इलेक्टराचा दिवाण असल्यामुळें त्याच्या मागून इलेक्टर शहर गिळील ही भीतीहि नागरिकांस होती, आणि ती अगदींच निराधार नव्हती. त्यांतील एक, बर्गोमास्टर राइनहार्ट नोल्ट्स, याची त्या वर्षांतील रोजनिशी उपलब्ध आहे. तींतून दिसणारा बिशप हा अर्पणपत्रिकांतला बिशप नव्हे. अर्पणपत्रिकांत तो विद्येचा कल्पवृक्ष आहे; रोजनिशींत तो खटले चालविणारा, जुन्या सनदा पुढें करणारा प्रतिपक्षी आहे.

दोन्हीं चित्रें खरीं आहेत असें आमचें मत आहे, आणि तीं एकमेकांस लागूनच आहेत. लाडेनबुर्गच्या ग्रंथालयाचा खर्च, अग्रिकोलाचें अन्न, नटांच्या आंगठ्या हें सर्व धर्मप्रांताच्या उत्पन्नांतून निघे. तें उत्पन्न दशमांश, खंड, दंड व कर यांचें. आणि ज्या हक्कांसाठीं बिशप भांडत होता त्याच हक्कांचें तें फळ होतें. डालबेर्ग हिशेबांत ढिला नव्हता. १४९६ सालीं त्यानें आपल्या धर्मप्रांतांतील गांवोगांवच्या देवळांची पाहणी करवून कोठें कोणत्या वेदी, त्यांचें दान कोणाच्या हातीं, दुरुस्तीचा खर्च कोणाकडे, याची नोंद करविली. ती नोंद आज त्या प्रांताच्या इतिहासाचें मोठें साधन झाली आहे. वोर्म्सच्या देवळाच्या ओवऱ्याहि त्याच्याच काळांत नव्यानें उभ्या राहिल्या आणि तेथें ख्रिस्ताच्या वंशवृक्षाचें १४८८ सालचें शिल्प त्यानें दिलें. ओवऱ्या एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं पडल्या. शिल्प देवळांत आहे. म्हणजे आपल्या शहराकडे त्यानें अगदींच पाठ फिरविली होती असें नव्हे. पण शहर त्याचें झालें नाहीं. १४९८ सालच्या आपल्या नव्या कायदेग्रंथाचा वोर्म्सनें रोमन कायद्यावर पाया घातला. जी विद्या शिकावयास बिशप पाव्हियाला गेला होता तीच आतां त्याच्या विरुद्ध पक्षाच्या कामीं आली. १४९९ सालीं बिशपाचा सर्व धर्मगुरुवर्ग शहर सोडून बाहेर पडला. देवळें ओस पडलीं. डालबेर्गच्या हयातींत हा तंटा मिटला नाहीं.

स्वतः त्यानें लिहिलें तें फारसें उरलेलें नाहीं : कांहीं श्लोक, कांहीं पत्रें, भाषणें. प्राचीन नाण्यांची त्यास आवड होती. त्याच्या एका उद्योगाचा उल्लेख मात्र केल्यावांचून राहवत नाहीं. ग्रीक व जर्मन या भाषांत ज्यांचें रूप व अर्थ जुळतात अशा शब्दांची त्यानें यादी केली होती, आणि ती कांहीं हजारांवर गेली होती असें त्याच्या समकालीनांनीं नमूद केलें आहे. जर्मन लोक रोमन लोकांपेक्षां कमी कुलीन नाहींत हें दाखविण्याचा त्यांत हेतु असावा असें वाटतें, आणि त्यांतील किती जुळणी नुसत्या आवाजाची असेल तें सांगवत नाहीं. परंतु संस्कृत ‘पिता’, ग्रीक ‘पातेर’ व जर्मन ‘फाटर’ यांचें नातें आज शाळेंतल्या मुलासहि ठाऊक आहे. हें नातें १७८६ सालीं कलकत्त्यास विल्यम जोन्सनें जाहीरपणें सांगितलें त्याच्या तीनशें वर्षें अगोदर ऱ्हाइनकांठचा एक बिशप त्याच्या एका टोंकाशीं चांचपडत होता. ती यादी गेली.

१५०३ सालच्या जुलैंत डालबेर्ग हायडेलबर्ग येथें वारला, वय सत्तेचाळीस. पुढच्याच सालीं लांड्सहूटच्या वारशाचें युद्ध पेटलें आणि इलेक्टर फिलिप त्यांत पुरता नागवला गेला. सेल्टिस व्हिएन्नास होता, रॉइखलिन परत आपल्या प्रांतीं गेला होता, ट्रिथेमिउसला स्वतःच्याच मठांतून बाहेर पडावें लागलें. लाडेनबुर्गच्या ग्रंथालयाची वाट काय लागली ती एका वाक्यांत सांगतां येते : तें फुटलें. बिशपाचें खासगी धन कोणतें आणि धर्मप्रांताचें कोणतें याची वांटणी होतांना ग्रंथ हातोहात गेले. लोर्शच्या मठांत राहिलेले ग्रंथ सोळाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास हायडेलबर्गच्या राजग्रंथालयांत आले. १६२२ सालीं टिलीच्या फौजेनें हायडेलबर्ग घेतलें, आणि तें सर्व ग्रंथालय बव्हेरियाच्या राजानें पोपला नजर केलें. १९६ पेट्या आल्प्स ओलांडून रोमला गेल्या. १८१६ सालीं त्यांतील ८४७ जर्मन हस्तलिखितें परत मिळालीं. लॅटिन ग्रंथ व्हॅटिकनमध्येंच राहिले. लोर्शच्या, जगभर विखुरलेल्या तीनशेंहून अधिक हस्तलिखितांचीं छायाचित्रें आतां हायडेलबर्गच्या विद्यापीठानें एकत्र करून कोणासहि पाहतां येतील अशीं मांडलीं आहेत. डालबेर्गच्या संग्रहाचें असें एकत्रीकरण होऊं शकलेलें नाहीं.

वोर्म्सचा तंटा १५०९ सालीं, दुसऱ्या बिशपाच्या कारकीर्दींत, तडजोडीनें मिटला व धर्मगुरु दहा वर्षांनीं शहरांत परत आले. त्याच १५०९ च्या ऑक्टोबरांत रॉइखलिनच्या नात्यांतला एक बारा वर्षांचा मुलगा हायडेलबर्गच्या विद्यापीठांत दाखल झाला. पाल्लास श्पांगेल नांवाच्या वृद्ध धर्मशास्त्र्याच्या घरीं त्याची राहण्याची सोय होती. श्पांगेलनें जुने दिवस पाहिले होते; अग्रिकोला कसा बोले, बिशपाच्या घरीं काय वाचलें जाई, याच्या गोष्टी त्या घरांत निघत. त्या मुलाचें नांव फिलिप मेलांख्थोन. पुढें तो विटेनबर्ग येथें लूथरचा सहकारी व जर्मनींतील शाळांचा घडविणारा झाला, आणि म्हातारपणाकडे झुकल्यावर अग्रिकोलाविषयीं लिहावयाचा प्रसंग आला तेव्हां श्पांगेलच्या घरीं ऐकलेल्या त्या गोष्टी त्यानें लिहून ठेवल्या.